पेणहून निघालेली गाडी

“कुणाचा इस्वास बसायचा नाय, पण सांगतो,” गुणाजी म्हणाला. “पेणचा मोठा डाक्टर आज सोता गाडी मारीत येतोय. डायव्हरला खाली उतरवलान आणि बसला की स्टेरिंगवर!”

बाकावर बसलेल्या ठमीने फक्त मान वळवली.

तिची राणी आत होती. सकाळी बांधावर खेकडे काढताना पोरीच्या हाताला साप चावला. रोह्याच्या या हॉस्पिटलात होती तेवढी सापावरची इंजेक्शनं देऊन झाली होती. बाकीची पेणहून यायची होती. ट्रस्टच्या सगळ्या हॉस्पिटलांचा साठा गेल्या वर्षापासून पेणलाच ठेवत. जागोजागी पडून औषधं वाया जातात, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी तसं ठरवलं होतं. ट्रस्टचे प्रमुखच ते. त्यांचा शब्द पेणपासून रोह्यापर्यंत चाले.

गुणाजी खाडीकडचा, जन्मभर मिठागरात राबलेला. बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आला होता; ठमीशी ओळख आज या बाकावरचीच. नर्स फोनवर ‘मोठ्या सरांना सांगितलंय’ म्हणाली, ते त्याने ऐकलं. त्याला तेवढं पुष्कळ होतं.

“तू कवा बघितलास रे त्याला?” धोंडुबाईने विचारलं. ती पायाचं ड्रेसिंग करून घ्यायला आली होती आणि नंबर लागेपर्यंत तिला करमणूक हवी होती.

“बघितला? अगो, माझ्या खांद्यावर बसून शाळेत गेलाय तो. असा ताडासारखा उंच! आवाज काढला तर डोलवीच्या कंपनीचा भोंगा गप होईल.”

“ताडासारखा उंच, आणि तुझ्या खांद्यावर?”

“तवा बारका व्हता गो!”

धोंडुबाई पोट धरून हसली. ठमी हसली नाही.

“मंग?” तिने विचारलं.

“मंग काय! वडखळला ही गाड्यांची रांग. त्याने गाडी सरळ शेतात घातली. म्हशी बसल्या व्हत्या, त्या उठून बाजूला झाल्या. मुक्या जनावराला पण कळतं, मानूस कामाला निघालाय.”

जिन्याकडून एक माणूस आला. बुटका, टक्कल पडलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तोंड नुकतंच धुतलेलं दिसत होतं. कॉलर भिजली होती. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि तो उभाच राहिला. ठमीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती सरकली आणि तिने शेजारी जागा करून दिली.

तो बसला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण गुणाजी कुणाला बोलू देईल तर ना!

“या, या, बसा. मोठ्या डाक्टरची गोष्ट चाललीय. तुम्ही वळकता त्याला?”

माणूस जरा थांबून म्हणाला, “थोडंफार.”

“मी पुरता वळकतो. असा मानूस जिल्ह्यात दुसरा नाय. पेणला बसलाय, पण रोह्यात पोर रडलं की त्याला तिकडं घास जात नाय.”

माणसाने मान खाली घातली.

“तुमचं कोण आत?” धोंडुबाईने त्याला विचारलं.

“लहान मुलगी आहे.”

“हिची पण लहानच. साप चावलाय. तुमच्या पोरीला काय झालं?”

त्याने दुमडलेली बाही उगाच आणखी वर सारली. धोंडुबाईचा हसरा चेहरा उतरला. “बरी होईल हो,” ती म्हणाली. “देव हाय.”

आतून ट्रॉलीची चाकं वाजली आणि थांबली. नर्स दारापर्यंत आली, बाकाकडे बघून तशीच मागे फिरली.

“बाबा,” ठमी म्हणाली, “गाडी कुठवर आली?”

गुणाजीने घसा खाकरला. आता त्याचा आवाज मघासारखा खणखणीत नव्हता, पण तोंड चालूच होतं.

“खांबच्या पुढं. तिथं ट्रक आडवा झालेला. म्हनून डाक्टरने गाडी सोडलीन, औषधाची पेटी डोक्यावर घेतलीन आणि पळत सुटला. कोलाडला एक पोरगा सायकल घेऊन उभा. म्हनाला, सायेब, ही घ्या. ताडासारखा मानूस, गुडघे हँडलला लागतायत, पण काय मारतोय सायकल!”

“पुरे रे,” धोंडुबाई हळूच म्हणाली.

“बोलू द्या त्यांना,” शेजारचा माणूस म्हणाला. “सांगा तुम्ही. थांबू नका.”

“ऐकलंस? सायेबांना पटलं. तर कुंडलिकेचा पूल आला. पुलावर ही गर्दी. डाक्टरने नुसता आवाज दिला, गर्दी दुभंगली. ठमे, ऊठ गो. पदर नीट कर. आला तो. फाटकातून आत शिरतोय. आता राणीला सुई टोचली की संध्याकाळी ती तुझ्यासंगं...”

“खोटं,” ठमी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, तरी गुणाजीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“मोठा डाक्टर गाडीत नाय, बाबा. आमच्या वाडीवर दर साली पोरांना सुया टोचाया यायचा तो. राणीला पयली सुई त्यानंच टोचली. मी त्याला वळकते.”

तिने शेजारच्या माणसाच्या दुमडलेल्या बाहीवर हात ठेवला.

“तो हितल्याच जिन्यानं उतरून आला, आनि कवाचा हितं बसलाय, माझ्या तोंडाकडं न बघता. आत त्याचं काही काम उरलं असतं, तर तो हितं बसला असता व्हय?”