सुपावरची मालिका

सुना खोटं बोलतात, त्याचं गोदाबाईंना नवल नव्हतं. पण गल्लीभरच्या बायका समोर बसवून, तेही सासूच्याच ओसरीवर, सारा उन्हाळा तोंड वर करून खोटं बोलायचं म्हणजे प्रेमलतेनं हद्द केली होती.

उन्हाळा लागल्यापासून बालाघाटात संध्याकाळी गेलेली लाईट जेवणं आटोपल्याशिवाय येत नसे. मालिका अंधारातच होऊन जायची. प्रेमलता दुपारपासून नर्सिंग होममध्ये ड्युटीला. तिथे जनरेटर, बाहेरच्या हॉलमध्ये टीव्ही. म्हणून रोज सकाळी स्वयंपाक उरकला की ती ओसरीवर बसून कालचं सांगायची. बायका तांदळाची सुपं घेऊन यायच्या. इकडे खडे निवडले जायचे, तिकडे गोष्ट पुढे सरकायची. दुःखाची जागा आली की प्रेमलता घशातल्या घशात सूर धरायची. कुणाचं बिंग फुटणार असलं की पालथ्या सुपावर नखांनी अशी टकटक लावायची की शेजारच्या पुष्पलतेचा हात तांदळातच थांबायचा. गोदाबाईंची मान ताठ. वारासिवनीच्या बाजारातसुद्धा त्या सांगून आल्या होत्या, की टीव्ही पाहायचाच असेल तर आमच्या सुनेच्या तोंडून पाहावा.

काल गावात मंत्र्यांचा मुक्काम होता. लाईट गेलीच नाही. साऱ्या गल्लीनं आपापल्या घरी मालिका पाहिली.

प्रेमलतेच्या गोष्टीतली मोठी सून केव्हाच घराबाहेर पडून शाळेत नोकरीला लागली होती. कालची टीव्हीवरची मात्र दिवाणखान्यात खांब धरून रडत होती. रडणं तरी कसलं. काजळ जागचं हललं नाही, नाकाला पदर लागला नाही. कुणी नुसती मान वळवली तरी मागून ढाणढाण वाजायचं, जसा काही बंगला कोसळतोय. आणि सासू घरात जरीचा शालू नेसून एक भुवई वर करायची. तीन वेळा तोंड दाखवलं तिचं, तोंडातून शब्द नाही.

आज सकाळी पुष्पलता आणि गल्लीतलीच आनंदी सुपं घेऊन लवकरच आल्या.

“काकी, तुमच्या सुनेनं गोष्टीत मारलेला दीर काल टीव्हीवर पोटभर जेवत होता,” पुष्पलता बसता बसता म्हणाली.

“नर्सबाईनं पाह्यल्याबिगर मेला म्हणून सांगतलं वाटते,” आनंदीनं भर घातली. दोघी पदराआड हसल्या.

गोदाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. प्रेमलता दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. ऐकलं होतं तिनं सारं.

“काहून वं,” गोदाबाई म्हणाल्या, “तू तिथं टीव्ही पाह्यते का नाही?”

“नाही, आत्याबाई.” प्रेमलतेनं मान खाली घातली. “त्या हॉलमधून नुसती ये-जा होते. सलाइन घेऊन जाता जाता एखादा शब्द कानावर पडते. लाईट गेली त्या पहिल्या दिवशी घरी आली त तुम्ही अंधारात वाट पाहून राह्यल्या होत्या. मालिकेत काय झालं वं, म्हणून विचारलं. तुमचं तोंड पाहून मले नाही म्हणता नाही आलं. जुळवून सांगतलं. मंग तुम्ही रोजच विचारत गेल्या.”

“म्हणजे सारं मनचंच,” पुष्पलता म्हणाली. तिचं सूप अजून मांडीवरच होतं, हात तांदळाला लागला नव्हता.

काल गोदाबाई टीव्हीसमोर अर्धा तास एका वाक्याची वाट पाहत बसल्या होत्या. प्रेमलतेच्या गोष्टीत सून नोकरीच्या पहिल्या दिवशी उंबऱ्याशी पोचली, तेव्हा सासू म्हणाली होती, ‘जाते त जाय, पण उपाशी जाऊ नको. लोक मले नाव ठेवतीन.’ बायका खो-खो हसल्या होत्या, आणि गोदाबाईंनी मांडीवर थाप मारली होती, सासू असावी त अशी. उन्हाळाभर त्या सासूच्या बोलण्याला त्यांनी दाद दिली. कालच्या जरीच्या सासूला त्यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

मग अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना आठवलं होतं, ते वाक्य आधी कुठे ऐकलं ते. ते त्यांच्याच तोंडचं होतं. प्रेमलता पहिल्यांदा ड्युटीला निघाली, त्या दिवशीचं. त्यांनी तर तेव्हा रागानंच म्हटलं होतं. आणि ह्या पोरीनं ते जपून ठेवलं, धुऊन-पुसून गल्लीसमोर असं मांडलं, की साऱ्यांना ती सासू आवडावी.

त्यांनी आधी शेजारणीकडे पाहिलं.

“पुष्पे, काल तू पुरी मालिका पाह्यली ना?”

“हौ.”

“मंग आज सूप घेऊन काहून आली?”

पुष्पलतेनं खाली पाहिलं आणि तांदळात बोटं घातली. आनंदीनं हलकेच सरकून भिंतीशी जागा केली. प्रेमलता अजून दारातच होती, चौकटीला टेकून, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत.

गोदाबाईंनी आवाज चढवला, गल्लीच्या टोकापर्यंत जावा एवढा.

“टीव्हीवाल्याईची गोष्ट चुकली, प्रेमा. तुही बरोबर हाय. दीर मेला त मेला, त्याले आता उठवू नको. एक बदल कर फक्त. तुह्या त्या सासूनं सुनेले आतापर्यंत एकदाही ‘बस वं जराशी’ म्हटलं नाही. आज म्हणव तिच्या तोंडून.”