सुजलेले गाल

गाडी अंगणाशी थांबली आणि ‘लेक उनी, लेक उनी’ म्हणत बायांनी एकच आकांत केला. ज्योत्स्ना उतरली.

दुपारी ती जळगावच्या दवाखान्यात खुर्चीवर मान टाकून पडली होती. नाकापासून ओठांपर्यंत उतरलेल्या दोन रेघा भरून घ्यायच्या होत्या तिला. पुढच्या आठवड्यात मुलीचा साखरपुडा. फोटोत थोराड दिसायला नको, एवढंच. डॉक्टरांनी आधी भुलीची सुई टोचली, मग गालांत फिलर भरलं. संध्याकाळपर्यंत गालाला काही जाणवणार नाही, गाल दाबू नका, असं बजावून सोडलं. जिन्यात फोन उघडला, तर भावाचे, नवलचे, एकामागून एक कॉल. माय गेली होती. अमळनेरजवळच्या त्या गावात सगळे लेकीसाठी खोळंबले होते.

दारात पाय ठेवताच लेकीनं हंबरडा फोडायचा, ही तिकडची रीत. बाया त्याचीच वाट पाहत होत्या. ज्योत्स्नानं तोंड उघडलं. ‘माय वं’ म्हणायचं होतं. पण वरचा ओठ जागचा हलेना आणि ‘म’ काही जुळेना. नुसती हवा बाहेर आली.

कुणीतरी कुजबुजलं. तेवढ्यात शेजारच्या सुंदरबाईनं तिची हनुवटी वर केली.

‘‘दखा, तोंड कसं सुजी गयं रडी रडी.’’

झालं, सगळ्या विरघळल्या. वाटभर रडून आवाजसुद्धा गेला बिचारीचा, असंच साऱ्यांनी धरलं. भावजय दिपमालानं तिला मिठीत घेतलं. ज्योत्स्नाला स्वतःची शिसारी आली, पण खरं सांगायला कुठून तोंड आणणार!

मायला आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून तयार ठेवलं होतं. ज्योत्स्ना उशाशी बसली. एरवी ती माहेरी आली की माय आधी चहापाण्याचं विचारायची नाही. दोन्ही तळवे लेकीच्या गालांवरून फिरवायची आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. कापूस वेचून वेचून तळवे असे खरबरीत झालेले, की गाल चुरचुरायचे. टोचतं गं, म्हणून ज्योत्स्ना दर वेळी तोंड फिरवायची.

तिनं मायचा हात उचलून गालाला लावला. काही नाही. दुसऱ्या गालाला लावला. तिकडेही काही नाही. मग तिनं तो चांगला दाबून धरला. फिलर सरकलं तर सरको, मसणात जावो. मायची बोटं डोळ्यांखाली दिसत होती, पण गालाला काही लागत नव्हतं. आपण रडतोय, हेसुद्धा तिला दिपमाला पदरानं तोंड पुसायला लागली तेव्हा कळलं.

तिरडी बांधून झाली होती. ऊन खळ्यापलीकडे गेलं. दिवस मावळायच्या आत उरकायला हवं होतं, म्हणून नवल पुढं आला. थोडं थांब, असं तिनं बोबड्या जिभेनं सांगितलं. तो मागे सरला. भूल उतरायला लागली होती; ओठाच्या एका कोपऱ्यात आता मुंग्या यायला लागल्या होत्या, फक्त कोपऱ्यात. नवल पुन्हा आला, पुन्हा तिनं तेच सांगितलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. पोरीला वेड लागायचं, असं कुणी म्हणालं.

शेवटी भाऊबंदांतले थोरले झुलाल आबा काठी टेकत आले आणि तिच्याशेजारी बसले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

‘‘बठ्ठा उनात, पोरी,’’ जमलेल्या साऱ्यांकडे बघून ते हळूच म्हणाले. ‘‘आते आजून कोन येवानं शे?’’

ज्योत्स्नाच्या गालापर्यंत मुंग्या अजून पोचल्या नव्हत्या. मायचा तळवा तिनं गालावरून काढला नव्हता.