दोन माणसांचं काम

"टॉवेल नाही का, काकू?" समरजीतनं विचारलं.

"नाही," वनमालाबाई म्हणाल्या. टॉवेल त्यांच्या मागे खुर्चीवरच घडी करून ठेवलेला होता.

बंडू पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. त्याचा डावा पंख पट्टीनं अंगाशी बांधलेला होता. पंखाच्या मुळाशी रुतलेला एअरगनचा छर्रा डॉक्टरांनी ऑपरेशन करून काढला होता. जखम भरेल, पण पोपट पुन्हा उडेल ही आशा ठेवू नका, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. पट्टी रोज बदलायची, आणि ते दोन माणसांचं काम. एकानं टॉवेलात धरायचं, दुसऱ्यानं औषध लावायचं.

वनमालाबाई एकट्या राहायच्या. दुसरा माणूस त्यांनी स्वतः निवडला होता.

छर्रा समोरच्या गच्चीवरून आला होता. कबुतरांवर मारत होतो, चुकून लागला, असं समरजीतचं म्हणणं. पोलिसांचं नाव निघताच त्यानं शांतपणे आठवण करून दिली, की पोपट घरात पाळणंच कायद्यात बसत नाही. वनखात्याची माणसं येऊन घेऊन जातील. मग वनमालाबाई त्याच्या आईकडे, उषाताईंकडे गेल्या. पदरावरचं रक्त दाखवलं. भरपाई नको, माफीही नको, म्हणाल्या. जखम भरेपर्यंत यानं रोज सकाळी येऊन पक्ष्याला धरावं, एवढंच. उषाताईंनी मुलाकडे नुसतं पाहिलं. किला गेटच्या चौकात ज्याच्यापुढे कुणी मोठ्यानं बोलत नसे, तो चाळिशीचा समरजीत मान खाली घालून हो म्हणाला होता.

त्यानं उघड्या हातानं बंडूला धरलं. बंडूनं त्याच्या अंगठ्यात चोच रुतवली आणि सोडली नाही. वनमालाबाई सावकाश पट्टी उलगडत राहिल्या.

"छाती दाबू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याचा श्वास कोंडतो. चावतोय तर चावू दे."

समरजीतनं ओठ आवळले. मनगटावरून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत गेला. समरजीत गेल्यावर वनमालाबाईंनी फरशी पुसली, आणि छर्रा लागल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवल्या.

तो रोज येत राहिला. दार उघडताच त्या आधी त्याची बोटं बघायच्या. नवी जखम दिसली, की त्यांना बरं वाटायचं. पण एकदा बंडू इतका धडपडला, की एका टाक्यातून रक्त पाझरलं. तेव्हा त्या वळल्या आणि खुर्चीवरचा टॉवेल उचलून पुढे केला.

समरजीतनं टॉवेलाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. सगळं त्याच्या लक्षात आलं. त्यानं टॉवेल घेतला आणि त्याबद्दल कधीच काही बोलला नाही.

टॉवेलात बंडू शांत राहू लागला. समरजीत त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायचा, हलकी शीळ घालायचा. पट्टी झाली, की खिशातून पेरूची फोड काढून भरवायचा. पुढे पुढे टॉवेलचीही गरज उरली नाही. झोंबणारी औषधं, बोळे, चोचीत घालायची कडू पिचकारी, हे सगळं वनमालाबाईंच्या हातात होतं.

एका सकाळी तो मान वर न करता, नेहमीच्या हिंदी मिसळलेल्या मराठीत म्हणाला, "कबुतर नव्हतं, काकू. हा रोज दुपारी ओरडायचा, सोने नहीं देता था. मी नेम धरून मारला."

"मला माहीत आहे," वनमालाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज शांत होता, पण बोळा जखमेवर जोरात दाबला गेला. बंडू किंचाळला आणि त्यानं डोकं समरजीतच्या तळहातात खुपसलं.

टाके निघाले त्या दिवशी वनमालाबाईंनी बंडूला फरशीवर मोकळं सोडलं. पूर्वी तो पडद्याच्या दांडीवरून झेप घेऊन थेट त्यांच्या खांद्यावर उतरायचा. त्या खाली बसल्या आणि त्यांनी बोट पुढे केलं. बंडूनं मान तिरकी करून बोटाकडे पाहिलं. मग त्याला वळसा घालून तो तुरुतुरु समरजीतकडे गेला, चोचीनं पँट धरत धरत वर चढला आणि त्याच्या मानेला टेकून बसला.

समरजीतचे डोळे भरून आले. "काकू, देखिए तो जरा," तो म्हणाला.

वनमालाबाईंनी बंडूला त्याच्या खांद्यावरून सोडवलं. शर्टाचा धागा त्याच्या नखात अडकला होता, तो तोडला.

"उद्यापासून येऊ नकोस."

"अधूनमधून आलो तर..."

"आईला सांग, जखम भरली," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुपारी समोरच्या गच्चीवरून हलकी शीळ ऐकू आली. बंडू पिंजऱ्याच्या गजांवर चढला आणि खिडकीकडे तोंड करून ओरडू लागला. बाहेर लूचा गरम वारा चालला होता. लाइट गेल्यामुळे कूलर बंद पडला होता. वनमालाबाई उठल्या, खिडकीची दोन्ही दारं ओढून घेतली आणि कडी घातली.

खोली भट्टीसारखी तापली. बंडू चोच उघडी टाकून धापा टाकू लागला. त्यांनी पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकलं, जवळ बसून हातपंख्यानं वारा घालू लागल्या. मध्येच गजांतून बोट आत सरकवलं. बंडू दांडीच्या दुसऱ्या टोकाला सरकला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसला.

बाहेर पुन्हा शीळ वाजली. वनमालाबाईंच्या गळ्यावरून घाम निथळत होता. पंखा न थांबवता त्यांनी दुसऱ्या हातानं खिडकीची कडी चाचपून पाहिली.