नुसती मोजणी

आमच्या घराचं दार आपोआप उघडतं आणि मिटतं. त्याचा प्रोग्राम बायकोने लिहिला होता. ती गेल्यावर लेक त्यात नव्या कुलपाची सोय करायला बसली आणि दार माझ्या काठीवर आदळायला लागलं. मी एकटा बाहेर पडतो ते तिला आवडत नाही, म्हणून माझा संशय तिच्यावरच.

"आईच्या प्रोग्रामला हात लावलास ना?"

"बाबा, तिची एक ओळही बदललेली नाही."

"मग दार काय माझ्यावर रुसलंय?"

ती कॉम्प्युटरपुढे बसली. एकेक ओळ तपासली.

"प्रोग्राम वेगाने चालावा म्हणून मी ऑप्टिमायझेशन चालू केलं. आई ते बंद ठेवायची, मला वाटलं विसरली असेल. ते चालू असलं की कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, बिनकामाचं सगळं गाळतो. आईने एका जागी नुसतेच आकडे मोजायला लावले होते. उत्तर कुठेच वापरलं नव्हतं. तेवढं गाळलं गेलं."

"कुठल्या जागी?"

तिने ऑप्टिमायझेशन बंद केलं.

"दार उघडल्यावर, मिटायच्या आधी. मोजणी संपेपर्यंत दार उघडं थांबायचं. तुमचा दुसरा पाय आत येईपर्यंत."