अलीकडे एकशे नव्वद, पलीकडे ऐंशी

"एकशे शहाण्णव," नर्स म्हणाली आणि तिने दंडावरचा पट्टा सोडला.

पंपमिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. ती नजर तिला तोंडपाठ होती. पुन्हा मीठ खाल्लंस. चार वर्षं हेच चाललं होतं. एका गोळीच्या चार झाल्या, घरातलं जेवण पार अळणी झालं, तरी बीपी म्हणून खाली येईना. शपथा घेऊन घेऊन ती थकली. त्याने मिठाची बरणी माळ्यावर चढवली, तिची पर्स उलटीपालटी केली, शेजारणींकडेसुद्धा चौकश्या केल्या. उंच इमारतींचे पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं त्याचं ठाम मत.

या खेपेच्या डॉक्टरबाई नव्या होत्या. त्यांनी तिच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. पुढे तपासण्यांत निघालं की डाव्या किडनीला रक्त नेणारी नळी एका जागी आवळली आहे. ती मोकळी केली नाही, तर या दाबाने मेंदूत रक्तस्राव व्हायला वेळ लागणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. मिस्त्रीने संमतीच्या कागदावर सही केली. पण किडनीचं काम लघवीचं, तिचा बीपीशी काय संबंध, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना.

बायकोला टेबलावर घेतलं. त्याला काचेमागे, पडद्यासमोर उभं केलं. "तुम्ही पंपवाले ना?" डॉक्टरबाई माइकवरून म्हणाल्या. "मग हे बघाच. मांडीतून एक बारीक नळी आत सरकवली आहे. आवळलेल्या जागेच्या अलीकडे दाब किती?"

"एकशे नव्वद," त्याने वाचलं.

"आता पलीकडे."

आकडा सरसर घसरला. ऐंशी.

"किडनी आपल्या दारातला दाब मोजते. तिथे कमी आला, की तिला वाटतं सगळ्या शरीराचाच पडला. मग ती रक्तातून निरोप धाडते. शिरा आवळा, मीठ सोडू नका, पाणी धरून ठेवा."

मिस्त्री पडद्याच्या आणखी जवळ सरकला. वरच्या मजल्याचा पाइप चोंदला, की तिथले लोक पंप वाढवा म्हणून ओरडतात, आणि खालच्या मजल्यांचे नळ फुटायला येतात. असले मजले त्याने शेकड्यांनी पाहिले होते. पण हे बायकोच्या पोटात चाललं होतं, रात्रंदिवस, आवाज न करता. मुठीएवढा तो जीव! स्वतः उपाशी, आणि सगळं शरीर वाचवायला निघालेला. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

आवळलेल्या जागी, त्या बारीक नळीच्या टोकाचा फुगा फुगवला. रक्ताची वाट रुंदावली. पलीकडचा आकडा चढत चढत अलीकडच्याला येऊन भिडला. संध्याकाळी नर्सने पट्टा बांधला तेव्हा बीपी एकशे अडतीस होतं. त्याने तिला पुन्हा मोजायला लावलं. तेवढंच.

तो खाटेशी स्टूल ओढून बसला आणि बायकोला सगळं सांगत सुटला. अलीकडचा आकडा, पलीकडचा आकडा, मीठ धरून ठेवायचा निरोप. इतकं तो लग्नानंतर एका दमात कधी बोलला नव्हता. डोळे भरून आले होते आणि त्याला ते लपवायचंही सुचलं नाही.

"काय यंत्र आहे गं," तो म्हणाला. "आणि बिचारी किडनी खोटं नव्हती बोलत. तिच्यापर्यंत खरंच पोचत नव्हतं."

बायकोने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"तिचं तुम्हाला एका दिवसात पटलं," ती म्हणाली.