पट्टीवरचा पत्ता

धाकटी घरूनच प्रोग्रॅम लिहायची. टर्मिनल, म्हणजे कमांड द्यायची खिडकी, कोणत्या फोल्डरमध्ये आहे, ते तिच्या एडिटरच्या तळाशी एका पट्टीवर दिसायचं. एडिटरला स्वतःला काही कळत नसतं. प्रत्येक कमांडनंतर टर्मिनलच त्याला आपला पत्ता कळवतं. हा चोंबडेपणा नको, म्हणून तिने टर्मिनलच्या सेटिंगमधली ती कळवण्याची ओळच आज सकाळी पुसून टाकली होती.

तरी दुपारी पट्टी बदलली: घर/जिना.

असं फोल्डर तिच्याकडे नव्हतंच.

"ताई, जिन्यात तू आहेस का?"

"मी इथे केस विंचरतेय," थोरली आतल्या खोलीतून म्हणाली. "तू जरा डोळ्यांना विश्रांती दे."

घर/स्वयंपाकघर. तिकडे डब्याचं झाकण वाजलं.

"बिस्किटं मोजून ठेवलीत हं मी," धाकटी उसनं अवसान आणून म्हणाली.

झाकण मुकाट्याने परत लागलं.

घर/बैठकीची खोली/खुर्चीमागे.

वळून बघायची तिची छाती झाली नाही. तिने पायांनी रेटत खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली. आता तिथे मुंगीलाही जागा नव्हती.

पट्टी क्षणभर कोरी राहिली, विचारात पडल्यासारखी.

मग उमटलं: घर/बैठकीची खोली/खुर्ची.