पिवळी रेघ

रामकिसननं चौथ्या नटावरून पाना काढला आणि फरशीवर ठेवला. सायकलच्या पुढच्या चिमट्याला कॅरिअर बसलं होतं. चिमट्याला वरच्या बाजूला भोकं नव्हती, म्हणून त्यानं पट्ट्या वळवून घातल्या होत्या, आणि रंग खरचटू नये म्हणून पट्ट्यांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे. काम देखणं झालं होतं.

सुकेशनी पायरीवर बसून बापाकडं बघत होती. उद्या पहाटे ती सायकलवर कन्याकुमारीला निघणार होती, एकटी. चिकलठाण्यातल्या निम्म्या लोकांना हे तिनं सांगून झालं होतं. फक्त पप्पा अजून ‘जा’ म्हणाले नव्हते. अठ्ठावीस वर्षांची नर्स, दवाखान्यात डॉक्टरांनाही न घाबरणारी; पण बापाच्या त्या एका शब्दाशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नव्हता.

बत्तीस वर्षं फिटर असलेल्या रामकिसननं कारखान्याची एक रीत घरातही आणली होती. कसलेल्या नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ आहे म्हणजे काम पास. पंख्यावर होती, शिलाई मशीनवर होती, सुकेशनीच्या पाळण्यावरही होती म्हणे. नट कसायचा रामकिसन आणि रेघ ओढायची त्याची बायको गोजरबाई. पप्पांना रंगाचा कंटाळा, असंच सुकेशनी लहानपणापासून समजत आली होती.

आताही गोजरबाई रंगाची बाटली घेऊन बाहेर आली. नेहमीसारखी वाकून पाना उचलायला लागली.

“ऱ्हाऊ दे,” रामकिसन म्हणाला. “आज तू नको ओढू.”

रेघ नाही म्हणजे पास नाही. सुकेशनीला राग आला आणि रडूही आलं.

“पप्पा, पाठवायचं नसंल तर सरळ सांगा ना!”

रामकिसननं पाना तिच्यापुढं धरला. “कसणाऱ्यानं रेघ ओढायची नसती. त्याला आपलं काम बरोबरच दिसतं. दुसऱ्यानं तपासायचं, मगच ओढायची. घरात तुझी आई तपासती. वाटंत ना ती हाय, ना मी.”

सुकेशनी चाकापाशी बसली. पहिला नट जागचा हलला नाही. दुसराही नाही, तिसराही नाही. तिनं तीन रेघा ओढल्या. चौथ्याला पाना लावला, तर तो चांगला पाव फेरा फिरला. ती गडबडली. पप्पांचा नट सैल? तिनं तो नीट कसला, पुन्हा ताण देऊन बघितला आणि चौथी रेघ ओढली.

“हा जरा ढिला होता, पप्पा,” त्यांना वाईट वाटू नये म्हणून ती हळूच म्हणाली.

रामकिसन सकाळपासून पहिल्यांदा हसला.

“घावला व्हय? मग जा आता.”